कुसाबाईंचा ऑक्सिजन

'सोमवार, १२ जानेवारी २०२६. पहाटे फार गारठा. दूधवाला उशिरा आला. सात वाजता कुसाबाईंबरोबर तलावावर. पोहून आल्यावर त्यांचा ऑक्सिजन चौऱ्याऐंशी. पुन्हा पाहिला, ब्याऐंशी. दीपकला फोन केला. कुसाबाई माझ्याशी बोलत नाहीत. टीव्हीच्या रिमोटचे सेल संपले, आणायचे. संध्याकाळी खिचडी.'

मालिनीताई गायधनींनी एवढं लिहून पेनाला टोपण लावलं. देवळालीच्या कॉन्व्हेंटमध्ये असताना लागलेली रोजनिशीची सवय लग्न, संसार, वैधव्य यांतल्या कशानेही सुटली नव्हती. तिथल्या सिस्टर सांगायच्या, "मुलींनो, जे घडलं ते वहीत लिहा. जे वाटलं ते देवाला सांगा." त्यामुळे मालिनीताईंच्या वह्यांत दूधवाला असे, पाहुणे असत, गॅसचं सिलिंडर कधी लावलं तेही असे, रडू मात्र कुठे नसे. आज आपण किती घाबरलो, हे त्यांनी लिहिलं नाही. ते देवाला सांगितलं, आणि एकदा सांगून पुरेसं वाटेना म्हणून पुन्हा सांगितलं.

खरं म्हणजे जिच्यासाठी कुणी घाबरावं, अशी ती बाईच नव्हती.

कुसाबाई गांगुर्डे वणीजवळच्या एका वाडीतल्या. वडिलांच्या मळ्यात मोठी, पायऱ्यांची विहीर होती. त्या काळी गावात पोहायला शिकवत ते मुलग्यांना. पण कुसाबाईंचे वडील, निवृत्तीबाबा, व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "पोरगं इहिरीवर कधीमधी जातंय, पोरीच्या दिवसभर खेपा. मंग पोहायला कुनाला आलं पाहिजे?" पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांनी लेकीला पाण्यात सोडलं, आणि उन्हाळा सरायच्या आत भोपळा सुटला. पुढे वाडीत कुणाचीही कळशी किंवा बादली विहिरीत पडली की हाक कुसाला. ती बुडी मारून तळ चाचपायची आणि भांडं हाताला लागल्याशिवाय वर यायची नाही. मध्येच श्वासाला वर आलं की भांडं गाळात सरकायचं, मग सगळा शोध पहिल्यापासून. म्हणून छाती भरून एकदाच श्वास घ्यायचा आणि काम झाल्यावरच सोडायचा, ही रीत तिच्या अंगात मुरली. बक्षीस ठरलेलं होतं, ओंजळभर भाजलेल्या शेंगा.

मग लग्न झालं. नवरा रेल्वेत, मनमाडला. जिथे नळाला पाणी आलं की शेजारणी एकमेकींना हाका मारून उठवत, त्या गावात ही पट्टीची पोहणारी सून होऊन गेली. "सगळा संसार मी हंड्यातच पोहले," असं कुसाबाई सांगत आणि स्वतःच खदखदून हसत.

नवरा गेल्यावर मुलगा दीपक त्यांना नाशिकला घेऊन आला. गंगापूर रोडला त्याचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. पहिल्या मजल्यावर मालिनीताई एकट्या राहत. गच्चीवर पापड वाळत घालताना दोघींची पहिली भेट झाली. कुसाबाई कठड्याशी उभ्या राहून लांब काहीतरी बघत होत्या.

"ताई, ते निळं निळं काय हाय वो?"

"तरणतलाव आहे."

"एवढं पानी? नुसतं पोहायला?" कुसाबाई हळूच म्हणाल्या, "बायकांनी गेलं तं चालतं?"

चालत होतं. सून पिंकीने मोबाइलवरून कोपरापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकणारा निळा पोशाख मागवला. पहिल्याच दिवशी कुसाबाईंनी काठावरून अशी उडी टाकली, की शिकणाऱ्या मुलींच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि प्रशिक्षक हर्षालीने शिट्टी फुंकली. पण शिट्टी तोंडात तशीच राहिली. ही आजी पाण्याखालून गेली ती थेट पलीकडच्या भिंतीपाशी उगवली. त्या दिवसापासून हर्षाली त्यांच्या मागे लागली. जानेवारीत शहरात ज्येष्ठांच्या स्पर्धा होत्या. पासष्टच्या पुढच्या बायकांसाठी शंभर मीटर, म्हणजे तलावाच्या एका टोकाकडून जाऊन परत.

मालिनीताईंना पोहता येत नव्हतं. त्या स्वेटर, कानटोपी आणि चहाचा थर्मास घेऊन काठच्या बाकावर बसत. पर्समध्ये ऑक्सिमीटरही असे. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते छोटं यंत्र एकवीस सालच्या एप्रिलमध्ये त्यांच्या घरात आलं. यजमान यशवंतराव पलंगावर आणि मालिनीताई खुर्चीत, तासातासाला त्यांचं बोट हातात घेऊन. आकडा नव्वदच्या खाली आला, मग पंच्याऐंशीच्या खाली, मग रुग्णवाहिका आली. यशवंतराव त्या जिन्याने पुन्हा वर आले नाहीत. तेव्हापासून ऑक्सिमीटर पर्समधून निघाला नव्हता. जिना चढून आलेल्या पोस्टमनचंही बोट त्या एकदा बघायला निघाल्या होत्या.

सोमवारी सकाळी कुसाबाई स्पर्धेच्या वेगाने शंभर मीटर पोहल्या आणि धापा टाकत वर आल्या. कडाका इतका होता, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मालिनीताईंनी टॉवेल दिला आणि रोजच्या काळजीने ओलं बोट पुसून त्यावर ऑक्सिमीटर लावला.

"काय आलं?" कुसाबाईंनी विचारलं.

"चौऱ्याऐंशी."

"शंभरातले? अगं बाई, शाळेत एवढे कधी मिळाले नाय मला!"

मालिनीताई हसल्या नाहीत. त्यांनी दुसरं बोट पाहिलं, ब्याऐंशी. समोर कुसाबाई टॉवेलने केस पुशीत, हर्षालीला चिडवीत उभ्या होत्या. पण मालिनीताईंना त्या दिसतच नव्हत्या. दिसत होता तो फक्त आकडा. त्यांनी तिथूनच दीपकला फोन लावला.

दीपक सातपूरच्या कंपनीतून गणवेशावरच आला. त्याने काही ऐकून घेतलं नाही. "आई, बस्स झालं. या वयात हे नको. काकूंनी वेळेवर बघितलं म्हणून, नाहीतर काय झालं असतं?" घरी गेल्यावर त्याने निळा पोशाख पिशवीत बांधून माळ्यावर टाकला, आणि स्पर्धेचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. जिना चढताना कुसाबाई पहिल्या मजल्यावर थांबल्या, एवढंच म्हणाल्या, "मालूताई, शर्यतीचा रविवार सहा दिसांवर आला व्हता." आणि पुढे वर गेल्या. त्यांनी ओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं मालिनीताईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी भोगी. दरवर्षी या दिवशी मालिनीताईंकडची मिसळीची भाजी वर जाई आणि कुसाबाईंच्या हातच्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी खाली येत. भांडण असलं तरी भोगी चुकवायची नाही, म्हणून मालिनीताई सकाळी ओट्याशी उभ्या राहिल्या. गाजरं, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वांगी. टाकीचं पाणी बर्फासारखं. घाटे सोलून धुवून होईतो बोटं बधिर होऊन पांढरी पडली. सोमवारच्या काळजीने झोपही धड झाली नव्हती, छातीत उगीचच धडधडत होतं. त्यांनी हात पुसले आणि सहज स्वतःच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला.

त्र्याऐंशी.

मालिनीताई स्टुलावर बसल्या. आता फोन कुणाला करायचा? मुलगी बडोद्याला, ती तिथून काय करणार? दीपकला करावा, तर तो आपल्यालाही माळ्यावर टाकील. शेवटी त्यांनी ठरवलं, गॅसवर चहा उकळलाच आहे, तर तो पिऊन मग काय ते बघू. चहा न पिता दवाखान्यात जाणं त्यांच्या घराण्यात कुणाला माहीत नव्हतं. कप दोन्ही हातांत धरून त्यांनी तो सावकाश संपवला आणि पुन्हा बोट लावलं.

सत्त्याण्णव.

चहा चांगला झाला होता, पण इतकाही नाही. मालिनीताई उठल्या. उजवा हात त्यांनी भाजीच्या गार पाण्यात बुडवून ठेवला आणि डावा पदरात गुंडाळला. मग आधी डावं बोट पाहिलं: सत्त्याण्णव. उजवं पाहिलं. यंत्राने बराच वेळ नुसत्या रेघा दाखवल्या आणि शेवटी पंच्याऐंशी. एकाच बाईचे दोन हात, आणि रक्त काय दोन तऱ्हेचं? हात गारठला की बोटातलं रक्त आखडतं, आणि यंत्र बिचारं चाचपडत काहीतरी सांगून टाकतं. त्या एकट्याच ओट्याशी उभ्या राहून हसू लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते पदराने टिपलं आणि भाजी फोडणीला टाकली.

दुपारी पिंकी भाकरी घेऊन आली. "आईंनीच थापल्यात, पण खाली यायला नाही म्हणाल्या. सकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं, काकू. छाती तपासली, हृदयाची पट्टी काढली. सगळं ठीक आहे, पोहू द्या म्हणाले. पण हे ऐकत नाहीत. चौऱ्याऐंशी म्हणजे चौऱ्याऐंशी म्हणतात."

मालिनीताईंना तिथल्या तिथे वर धावावंसं वाटलं. पण रुसलेल्या माणसाचं दार कोणत्या दिवशी उघडतं, हे त्यांना ठाऊक होतं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आलेल्याला परत पाठवायची कुणाची छाती होत नाही. त्यांनी एक दिवस कळ काढली.

बुधवारी संध्याकाळी त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. एका हातात तिळगुळाचा डबा, दुसऱ्यात फ्रिजमधल्या बर्फाचं पातेलं. कुसाबाई सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"तिळगूळ घ्या, गोड बोला."

कुसाबाईंनी हात पुढे केला. "तिळगूळ घेते. गोड बोलनार नाय."

"नका बोलू. दीपक, इकडे ये. यात बोटं बुडव."

"काकू, हे काय?"

"मोठ्यांनी सांगितलं की करावं. बुडव."

दीपकने बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवली, थोड्या वेळाने 'हायहाय' करत बाहेर काढली. मालिनीताईंनी ती पुसून त्यावर ऑक्सिमीटर लावला आणि तो सगळ्यांना दिसेल असा धरला.

"एक्क्याऐंशी," पिंकीने वाचलं.

"अरेरे," मालिनीताई म्हणाल्या, "दीपक, तुझं काही खरं नाही. रुग्णवाहिका बोलावू?"

सोफ्यावरून आधी खोकल्यासारखा आवाज आला. मग कुसाबाई वळल्या. त्या हसत होत्या, पोट धरून. "पिंके, याचा कंपनीचा शर्ट टाक माळ्यावर! या वयात नोकरी नको!"

मालिनीताईंनी ओट्यावरची सगळी हकिगत सांगितली. शेवटी म्हणाल्या, "कुसाबाई, मी घाबरले. तुमचं बोट धरलं होतं, पण मला दुसरंच बोट दिसत होतं."

कुसाबाईंनी तिळगुळाची वडी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. "माहीत हाय मला. म्हनून तं वरडले नाय."

दीपक मात्र बोटं चोळत विचारात पडला होता. "काकू, गारठ्याचं पटलं. पण समजा त्यातला थोडा आकडा खराही असेल तर? आई श्वास न घेता पोहते, मी बघितलंय."

प्रश्न योग्य होता. म्हणून शुक्रवारी दुपारी उन्हाच्या वेळी सगळे हर्षालीकडे गेले. पोशाख माळ्यावरून उतरला होता, पण पिशवी दीपकच्या हातात होती.

हर्षालीने सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न मालिनीताईंना विचारला, "सोमवारी यंत्राने नाडी किती दाखवली होती?"

"बावन्न," मालिनीताईंना आठवलं.

"शंभर मीटर जीव तोडून पोहून आलेल्या बाईची नाडी बावन्न?"

"म्हंजे मी पोहत नव्हते," कुसाबाई म्हणाल्या, "झोपले व्हते."

"तेच तर! यंत्राला नाडीच सापडत नव्हती, मग आकडा कुठून खरा असणार? पण दादांचंही अगदीच चूक नाही." हर्षाली दीपककडे वळली. "धावणारा माणूस हवा तेव्हा श्वास घेतो. पोहणाऱ्याचं तोंड पाण्यात. त्याला हात वळेल तेव्हाच घ्यावा लागतो. जोर वाढला की शरीर जास्त मागतं, आणि मिळतं मोजून मापून. त्यामुळे जोरात पोहताना रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरू शकतो, चांगल्या खेळाडूंचाही. थांबलं की तो वर आला पाहिजे. मी ते बघते. आणि आजींसारखा श्वास कोंडून पोहणं मला मुळीच चालणार नाही. पाण्यात असं पोहता पोहता माणूस बेशुद्धही पडतो. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

"कळशी काढताना कोन श्वास घेतं का?"

"आजी, तलावात कळशी नाहीये!"

दीपकने पिशवीतला पोशाख तेवढ्यापुरता दिला. मग कुसाबाई पोहल्या, जोरात, आणि हर्षालीच्या शिट्टीबरहुकूम तोंड वळवून श्वास घेत. वर आल्या तशा मालिनीताईंनी त्यांचा हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकून चोळला आणि मग यंत्र लावलं. चौघांची डोकी त्या इवल्याशा खिडकीवर वाकली. नाडी एकशे चाळीसच्या घरात. ऑक्सिजन ब्याण्णव. मालिनीताई बोट धरून राहिल्या. चौऱ्याण्णव झाले. मग शहाण्णव. सत्त्याण्णववर आकडा थांबला आणि हललाच नाही.

"ते पहिलं ब्याण्णव किती दमाचं आणि किती गारठ्याचं, ते मला सांगता येणार नाही," हर्षाली म्हणाली. "पण वर कसं आलं ते सगळ्यांनी बघितलं."

मालिनीताईंनी तर फार निराळं बघितलं. या यंत्रात आकडा खाली जाताना त्यांनी पुष्कळ पाहिला होता. वर चढताना आज पहिल्यांदा पाहिला.

दीपकने रिकामी पिशवीही आईच्या हातात दिली. "एका अटीवर. दर तिसऱ्या हाताला श्वास. मी काठावर उभा राहून मोजणार."

"मोज बाबा. तुला शिकवलं त्याचा काही तरी उपेग होऊ दे."

रविवारी दुपारी ऊन छान पडलं होतं. पासष्टच्या पुढच्या चौघीजणी ओळीने उभ्या राहिल्या. मालेगावच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, उंच, काटक, त्यांना पाहूनच पिंकी म्हणाली, "या पहिल्या येणार." शिट्टी झाली. तिघींनी सूर मारला, कुसाबाईंनी विहिरीत टाकावी तशी उडी टाकली. पुढच्या रांगेतली दोन माणसं भिजली.

जाताना त्या अगदी शहाण्यासारख्या पोहल्या. एक, दोन, तीन, श्वास. एक, दोन, तीन, श्वास. दीपक काठाने चालत मोठ्याने मोजत होता, जणू श्वास तोच घेत होता. भिंतीला हात लावून त्या वळल्या तेव्हा तिसऱ्या होत्या. मग दुसऱ्या झाल्या. शिक्षिकाबाई दोन हात पुढे. टोक जवळ आलं आणि कुसाबाईंचं डोकं पाण्यात गेलं ते वरच येईना.

"आई, श्वास!" दीपक ओरडला.

"आजी, श्वास!" हर्षाली ओरडली.

कोण आहे, काय आहे, हे ठाऊक नसलेली गॅलरीतली माणसंही ओरडू लागली, "श्वास घ्या, श्वास घ्या!" मालिनीताईही उभ्या राहिल्या. आयुष्यात त्या कधी चारचौघांत ओरडल्या नव्हत्या. सिस्टरांना ते चाललं नसतं. पण आज त्यांच्या तोंडून इतक्या जोरात आवाज निघाला, की शेजारच्या माणसाने कानावर हात ठेवला. "कुसाबाई, कळशी नाहीये!"

पाण्यातून तोंड वर आलं. कुसाबाईंनी मोठा, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेतला. आणि शिक्षिकाबाईंचा हात भिंतीला आधी लागला.

कुसाबाई दुसऱ्या आल्या. वर आल्या त्या पाणी निथळत, तोंडभर हसत. "मधी एवढं कोन वरडत व्हतं? त्या श्वासापायी माझा पहिला नंबर गेला!"

"जाऊ दे," दीपक म्हणाला. त्याचाच आवाज घोगरा झाला होता. त्याने मालिनीताईंकडे पाहिलं. "काकू, ऑक्सिमीटर?"

मालिनीताईंनी पर्समध्ये हात घातला. यंत्र हाताला लागलं, तरी त्यांनी समोर नीट पाहिलं. कुसाबाई ताठ उभ्या होत्या, ओठ लाल होते, आणि शिक्षिकाबाईंना त्या विचारत होत्या, "तुमच्या गावाला इहिरी हायेत का वो?" एवढं सलग बोलणाऱ्या बाईचं बोट कशाला बघायचं? मालिनीताईंनी हात बाहेर काढला आणि थर्मास उघडला.

"आधी चहा," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी जेवणाआधीच वही काढली. तारीख लिहिली, खाली रेघ मारली. 'कुसाबाई शंभर मीटरमध्ये दुसऱ्या. भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या, त्यांना ओंजळभर दिल्या. ऑक्सिमीटरमधले दोन सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. रिमोट चालू झाला.'